एकाच माळेचे मणी : राखीव व्यवस्था एकदम का कोसळतात?

तंत्रज्ञानाच्या इतिहासात एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो, आणि आज आपण तोच घेणार आहोत. एक यंत्र बिघडलं तर दुसरं हवं, दुसरं बिघडलं तर तिसरं हवं, म्हणून माणूस जोडीला जोड उभी करतो. मग ही सगळी जोड एकाच वेळी, एकाच मिनिटात कशी काय बंद पडते? याला आपण नुसतं दुर्दैव म्हणायचं का?

सुरुवात अगदी साध्या हिशोबाने करू. समजा एक पंप हजार वेळा चालू केला तर एकदा दगा देतो. त्याच्या जोडीला तसाच दुसरा बसवला. दोन्ही एकदम दगा देण्याची शक्यता किती? आपण चटकन गुणाकार करतो. हजार गुणिले हजार म्हणजे दहा लाखांत एकदा. तिसरा पंप लावला तर शंभर कोटींत एकदा. कागदावर हे फारच दिलासा देणारं दिसतं.

पण बघा, गुणाकाराला एक अट आहे. दोन्ही पंपांचं नशीब वेगवेगळं असलं पाहिजे. दोन्ही एकाच मीटरवर असतील, एकाच तळघरात असतील, एकाच माणसाने एकाच दिवशी एकाच चुकीच्या पद्धतीने दुरुस्त केले असतील, तर पंप दिसायला दोन असतात, भवितव्य एकच असतं. समजा पहिल्या पंपाच्या दर दहा बिघाडांपैकी एकाचं कारण असं आहे की ते दुसऱ्यालाही घेऊन बुडतं. मग दोन्ही जाण्याची शक्यता दहा हजारांत एक झाली. म्हणजे दहा लाखांच्या मानाने शंभर पट वाईट. आणि तेच कारण तिसऱ्या पंपालाही लागू असेल, तर तिसऱ्याचे पैसे जवळजवळ वाया गेले.

अभियंते याला ‘कॉमन कॉज फेल्युअर’ म्हणतात. आपण मराठीत ‘सामायिक कारणाने झालेला घात’ म्हणू. मणी किती आहेत यापेक्षा ते एकाच दोऱ्यात ओवले आहेत का, हा खरा सवाल असतो. हा सवाल अणुवीज केंद्रांच्या इतिहासात फार ठळकपणे दिसतो, म्हणून आज आपण मुख्यतः तिथेच राहू. तीन ठिकाणी जाऊ : 1975 चं अमेरिकेतलं ब्राऊन्स फेरी, 1993 चं आपलं नरोरा आणि 2011 चं जपानमधलं फुकुशिमा.

पण आधी एक तांत्रिक मुद्दा. अणुभट्टी बंद केली की लगेच थंड होत नाही. साखळी प्रक्रिया थांबली तरी इंधनातल्या किरणोत्सारी द्रव्यांची उष्णता चालूच राहते. बंद केल्या क्षणी ती पूर्ण शक्तीच्या साधारण 6-7 टक्के असते, आणि एका दिवसाने एक टक्क्याच्या खाली येते. टक्केवारी लहान वाटेल, पण मोठ्या भट्टीत तेवढ्यानेही इंधन वितळू शकतं. म्हणून पाणी फिरतं ठेवावं लागतं, आणि पाण्यासाठी वीज लागते. आपल्या आजच्या गोष्टीत खरी लढाई या विजेची आहे.

मेणबत्ती

ब्राऊन्स फेरी हे अलाबामा राज्यात टेनेसी नदीकाठचं केंद्र. 22 मार्च 1975 रोजी तिथली दोन युनिट्स चालू होती. नियंत्रण कक्षाच्या खाली एक खोली होती, जिथे सगळ्या केबल एकत्र येऊन पुढे अणुभट्टीच्या इमारतीकडे जायच्या. भिंतीतल्या ज्या भोकांतून केबल जायच्या ती फोमने बुजवलेली होती. ती नीट बुजलीत का, हवा गळते का, हे कसं तपासायचं? मेणबत्ती धरून. ज्योत हलली की समजायचं, गळती आहे.

अणुभट्टीच्या इमारतीत हवेचा दाब मुद्दामच कमी ठेवलेला असतो, म्हणजे किरणोत्सारी हवा बाहेर पडू नये. त्यामुळे ज्योत भोकाकडे ओढली गेली. फोम पेटला आणि आग भिंतीच्या पलीकडे गेली. सुमारे सात तास ती धुमसत होती. सोळाशेहून जास्त केबल जळाल्या, त्यातल्या सहाशेहून जास्त सुरक्षा व्यवस्थेशी संबंधित होत्या. विजेच्या केबलवर पाणी मारायचं नाही, या भीतीने पाणी वापरायला फार उशीर झाला. गावातल्या अग्निशमन दलाच्या प्रमुखांनी पाण्याचा आग्रह धरला होता. शेवटी पाणी मारलं आणि आग थोड्याच वेळात विझली.

पहिल्या युनिटच्या आणीबाणीत भट्टीला पाणी देणाऱ्या सगळ्या व्यवस्था निकामी झाल्या. पंप शाबूत होते. पण त्यांना हुकूम देणाऱ्या आणि वीज पोचवणाऱ्या केबल एकाच वाटेने गेल्या होत्या. मग भट्टी कशाने वाचली? कर्मचाऱ्यांनी भट्टीतला दाब उतरवला आणि रोजच्या कामाचे, आणीबाणीच्या यादीत नसलेले पंप वापरून पाणी दिलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

योगायोग असा की नेमक्या त्याच काळात अमेरिकेत अणुभट्टीच्या अपघाताची शक्यता मोजण्याचं पहिलं मोठं काम चाललं होतं. एमआयटीचे नॉर्मन रासमुसेन त्याचे प्रमुख होते. मसुदा ऑगस्ट 1974 मध्ये आला, मार्च 1975 मध्ये आग लागली, आणि ऑक्टोबर 1975 मध्ये अंतिम अहवाल निघाला. दोन व्यवस्थांचं नशीब किती जोडलेलं आहे, हे आकड्यात कसं धरायचं, ही त्या कामातली मोठी अडचण होती. सुरुवातीला आपण जो ‘दहातला एक बिघाड दोघांनाही घेऊन बुडतो’ असा हिशोब केला, तो त्याच दशकात कार्ल फ्लेमिंग यांनी मांडलेल्या ‘बीटा’ पद्धतीचाच सोपा नमुना आहे.

आगीनंतर काही वर्षांनी अमेरिकेत नियम झाला. एकमेकींच्या जोडीला असलेल्या केबलमध्ये तीन तास आग थोपवणारी भिंत हवी, किंवा निदान 20 फूट मोकळं अंतर आणि सोबत आग ओळखणारी व विझवणारी यंत्रणा हवी. थोडक्यात, कायद्याने पहिल्यांदाच मण्यांबरोबर दोराही मोजायला घेतला.

नरोरा

आता आपल्याकडे येऊ. उत्तर प्रदेशात बुलंदशहर जिल्ह्यात, गंगेच्या काठी नरोरा अणुवीज केंद्र आहे. 31 मार्च 1993 ची पहाट, साडेतीनचा सुमार. पहिलं युनिट वीज तयार करत होतं. टर्बाइनच्या शेवटच्या टप्प्यातली दोन पाती धातूच्या थकव्याने तुटली. एवढ्या वेगाने फिरणाऱ्या यंत्राचा तोल गेल्यावर काय होणार? प्रचंड हादरे बसले. जनरेटर थंड ठेवायला त्यात हायड्रोजन वायू असतो. तो निसटला आणि पेटला. वंगणाचं तेल पेटलं. आग केबलना लागली.

कर्मचाऱ्यांनी एका मिनिटाच्या आत भट्टी बंद केली. इथपर्यंत सगळं शिकवल्याप्रमाणे झालं. पुढचं मात्र तसं झालं नाही. केंद्राला वीज द्यायला एकावर एक थर होते : बाहेरची ग्रिड, डिझेल जनरेटर, बॅटऱ्या. पण मुख्य पुरवठ्याच्या आणि राखीव पुरवठ्याच्या केबल पुरेसं अंतर किंवा आग अडवणारा पडदा न ठेवता एकाच मार्गाने नेलेल्या होत्या. आग त्या मार्गाने गेली आणि काही मिनिटांत सगळे थर संपले. धूर नियंत्रण कक्षात शिरला, कर्मचाऱ्यांना बाहेर पडावं लागलं. केंद्र 17 तास विजेविना होतं.

क्षणभर त्या माणसांच्या जागी उभे राहू. भट्टी बंद आहे, पण आत काय चाललंय ते दाखवणारे काटे दिसत नाहीत. थंड होताना साखळी प्रक्रिया पुन्हा सुरू झाली तर? ती शक्यताच संपवण्यासाठी भट्टीत बोरॉनचं द्रावण सोडायचं ठरलं. काही जण हातात बॅटऱ्या घेऊन अंधारात अणुभट्टीच्या इमारतीवर चढले आणि हाताने झडपा उघडल्या. द्रावण गुरुत्वाकर्षणाने खाली उतरलं. त्याला वीज लागत नव्हती. दुसरीकडे आग विझवण्यासाठी ठेवलेले डिझेलवर चालणारे पंप सुरू करून वाफ तयार करणाऱ्या पात्रांना पाणी दिलं गेलं. भट्टीतलं पाणी गरम-थंडाच्या फरकाने आपोआप फिरत राहिलं, आणि इंधन वाचलं. किरणोत्सार बाहेर पडला नाही. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर घटनेला तिसरा स्तर मिळाला.

आता दोन्ही घटना शेजारी ठेवून बघा. अलाबामा आणि नरोरा यांच्यात 18 वर्षं आणि नऊ दिवसांचं अंतर आहे. आग वेगळ्या कारणाने लागली, भट्ट्यांची जातही वेगळी. पण घात त्याच जागी झाला, केबलच्या वाटेवर. आणि बचावही तसाच झाला. जे वाचवायला आलं ते राखीव म्हणून मोजलेलं नव्हतं, पण ते वेगळ्या जातीचं होतं. आगीचा डिझेल पंप केंद्राच्या विजेवर चालत नव्हता. गुरुत्वाकर्षणाची केबल जळत नाही.

इथे इतिहासाच्या अभ्यासकाने थांबून विचारलं पाहिजे, की अलाबामाचा धडा जगजाहीर असताना तो नरोराच्या भिंतीत का उतरला नाही? आमचं उत्तर असं आहे. धडा ‘आग लागू नये’ या रूपात प्रवास करतो. ‘दोन वाटा एक होऊ देऊ नका’ या रूपात तो अवघड जातो, कारण वाट कुणाच्याच नावावर नसते. डिझेल जनरेटरचा एक विभाग असतो, बॅटऱ्यांचा असतो, टर्बाइनचा असतो. प्रत्येक जण आपलं यंत्र तपासतो, चालवून बघतो, नोंद करतो. केबलचा चर मात्र स्थापत्यवाल्यांच्या नकाशात एक रेघ असते. एकाच चरातून सगळं नेलं तर खोदाई वाचते, खर्च वाचतो, देखभाल सोपी होते. यात कुणाचा कपटी हेतू नसतो. सोयीपोटी घेतलेले छोटे छोटे निर्णय जमा होत जातात आणि दोरा वळला जातो.

नरोरानंतर देशातल्या इतर केंद्रांत पात्यांची रचना सुधारली गेली, केबलच्या वाटांवर आग अडवणारे पडदे आले. आपल्या पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या, 1969 मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन युनिट्समध्येही 2005-06 च्या मोठ्या कामात सामायिक असलेला वीजपुरवठा युनिटनिहाय वेगळा केला गेला आणि नवी, जास्त क्षमतेची डिझेल यंत्रं बसवली गेली.

दोरा केबलचाच असतो असं नाही

फुकुशिमाकडे जाण्याआधी एक छोटा फेरा विमानांकडे मारू. आतापर्यंत सामायिक गोष्ट एक जागा होती, पण ती माणूसही असू शकते. 5 मे 1983 रोजी ईस्टर्न एअरलाइन्सचं तीन इंजिनांचं विमान मायामीहून नासाऊला निघालं. आदल्या देखभालीत तिन्ही इंजिनांच्या तेलातले एक-एक छोटे भाग बदलले होते, आणि तिन्हींवर रबराची कडी बसवायची राहिली होती. तिन्ही इंजिनांतून तेल गळलं. तिन्ही बंद झाली. त्यातलं एक अगदी शेवटी पुन्हा चालू झालं म्हणून 172 माणसं मायामीला परतली. पुढे दोन इंजिनांच्या विमानांना समुद्रावरून लांब उड्डाणाची मुभा देताना दंडक आला, की एकाच माणसाने एकाच वेळी दोन्ही इंजिनांवर तेच काम करू नये.

सामायिक गोष्ट एखादं गृहीतकही असू शकतं. 4 जून 1996 ला एरियान-5 रॉकेटचं पहिलं उड्डाण झालं. दिशा सांगणारे दोन संगणक होते, एक मुख्य आणि एक राखीव. दोन्हींत तंतोतंत एकच प्रोग्रॅम, जुन्या एरियान-4 वरून आणलेला. नवं रॉकेट जास्त वेगाने आडवं सरकलं, तो आकडा प्रोग्रॅमने राखलेल्या जागेत मावेना. आधी राखीव संगणक बंद पडला, सेकंदाचा दहावा भागही न उलटता मुख्यही. चाळीस सेकंदांच्या आत रॉकेट संपलं. एकच चूक दोनदा विकत घेतली, तर तिला राखीव व्यवस्था म्हणता येत नाही.

फुकुशिमा

आता 11 मार्च 2011. दुपारी 2 वाजून 46 मिनिटांनी भूकंप झाला. फुकुशिमा दाईइची केंद्रातली चालू असलेली तिन्ही युनिट्स आपोआप बंद झाली. बाहेरची वीज गेली. डिझेल जनरेटर सुरू झाले. भूकंपापुरती सगळी व्यवस्था नीट चालली, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. सुमारे 50 मिनिटांनी मोठी त्सुनामी लाट आली. पहिली चार युनिट्स समुद्रसपाटीपासून 10 मीटरवर होती. पाणी 14-15 मीटरपर्यंत चढलं.

सहा युनिट्सना मिळून 13 डिझेल जनरेटर होते. तेरा! बहुतेक तळमजल्याखाली. पाणी आलं आणि ते बंद झाले. पण सगळ्यात शिकवणारी गोष्ट वेगळीच आहे. तीन जनरेटर हवेने थंड होणारे, वेगळ्या आणि उंच जागी होते. ते तिन्ही बचावले. त्यातले दोन, दुसऱ्या आणि चौथ्या युनिटचे, तरीही उपयोगाचे ठरले नाहीत. कारण त्यांची वीज ज्या स्विचबोर्डातून जायची, ते तळघरात पाण्याखाली होते. यंत्र वेगळं केलं, जागा वेगळी केली, आणि दोरा मात्र तळघरातून गेलाच. तिसरा, सहाव्या युनिटचा जनरेटर आपल्या स्विचबोर्डासह चालू राहिला. त्या एकट्याने पाचवं आणि सहावं अशी दोन युनिट्स सांभाळली. पहिल्या तीन युनिट्सचं इंधन वितळलं.

ही जागा मुळात 30 मीटरहून उंच कड्याची होती. बांधकामासाठी कडा 10 मीटरपर्यंत उतरवला. पाणी उचलायला सोपं, पाया खडकावर. आराखड्यात धरलेली लाट सुरुवातीला 3.1 मीटर होती, पुढे 5.7 मीटर झाली. बारकाईने बघितलं तर तेराही जनरेटर या एका आकड्यावर उभे होते. चौदावा आणला असता आणि त्याच तळघरात ठेवला असता, तर काय फरक पडला असता?

आधी सूचना मिळाली नव्हती का? मिळाली होती. डिसेंबर 1999 मध्ये फ्रान्सच्या ब्लाये केंद्रात वादळाने नदीचं पाणी बांधावरून आत आलं, आणि तळाशी असलेले सुरक्षा पंप बुडाले. 26 डिसेंबर 2004 ला आपल्या कल्पाक्कमला त्सुनामीचं पाणी समुद्रपाण्याच्या पंपघरात शिरलं. चालू असलेलं युनिट सुरक्षित बंद केलं गेलं, कारण मुख्य यंत्रणा उंचावर होती. एकाच पाण्याने सगळं बुडू शकतं, हे दोन्ही वेळा दिसलं होतं. पण संकटातून निभावलं की माणसं व्यवस्थेचं कौतुक करतात, आणि थोडक्यात काय हुकलं याची चौकशी मागे पडते.

मग मोजायचं काय?

या सगळ्यातून आम्हाला एकच गोष्ट मांडायची आहे. सुरक्षिततेचा इतिहास आपण यंत्रांच्या संख्येने लिहीत आलो. किती पंप, किती जनरेटर, किती थर. पण घात झाला तो यादीत नाव नसलेल्या गोष्टींपाशी : भिंतीतलं भोक, केबलचा चर, रबराची कडी, उसना प्रोग्रॅम, तळघराची पातळी. म्हणून चौकशीचा प्रश्नच बदलला पाहिजे. ‘हे बंद पडलं तर दुसरं आहे का?’ हा अर्धा प्रश्न झाला. उरलेला अर्धा असा : ‘ज्या कारणाने हे बंद पडेल, त्याच कारणाने दुसरंही पडेल का?’ आणि तो विचारायला केंद्रात फिरावं लागतं, नकाशावर बोट ठेवून दोन वाटा कुठे भेटतात ते शोधावं लागतं.

याला मर्यादाही आहे. पूर्ण वेगळेपणा कुणालाच परवडत नाही. दोन वेगळ्या जातीची यंत्रं म्हणजे दोन प्रकारचे सुटे भाग, दोन प्रशिक्षणं, चुकांच्या दोन जाती. आणि शेवटी सगळं एकाच जमिनीवर उभं असतं, तिला दुसरी जोड नसते. त्यामुळे काहीतरी सामायिक राहणारच. पण ते काय आहे, हे माहीत असणं आणि त्याला कुणीतरी जबाबदार असणं, एवढं तर करता येतं.

नरोरातली ती माणसं बॅटऱ्या घेऊन चढली, म्हणून आपण आज ती घटना सुटकेची गोष्ट म्हणून सांगू शकतो. त्यांचं धैर्य मोठंच होतं. पण कागदावर इतके थर असताना शेवटी माणसाला अंधारात जिना चढावा लागला, याचा अर्थ ते थर मोजताना आपण कुठेतरी एकच वस्तू अनेकदा मोजली होती. ती कुठे मोजली गेली, हे आग लागायच्या आधी शोधण्याचं काम अजून संपलेलं नाही, आणि ते फक्त अणुवीज केंद्रांपुरतंही नाही. रुग्णालयाचा जनरेटर, धरणाच्या दरवाज्यांची वीज, बँकेचे दोन संगणककक्ष, सगळीकडे हाच प्रश्न घेऊन जाता येईल.

इथे थांबू. आपले प्रश्न आता घेऊ या.